पेटी प्लायची चालेल, वीज मात्र चोख हवी



जुना लॅपटॉप विकत घेताना काय पाहावे, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र आहे. त्यांची मुलगी ॲनिमेशनचा अभ्यासक्रम करते. घरात एकच लॅपटॉप, तोही कुठल्याशा कार्यालयातून निकालात निघालेला. त्यावर ब्लेंडर नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती थ्री-डी चित्रे करते. पण दहा सेकंदांच्या चित्रफितीसाठी लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागतो आणि सकाळी पाहावे तर निम्मेच काम झालेले असते. वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितले की लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडता येते. त्यासाठी बाजारात मिळणारी तयार पेटी परवडत नाही, म्हणून सुतारकाम करणारे मुलीचे मामा प्लायवूडची पेटी करून द्यायला तयार झाले आहेत. भगिनी विचारतात, "यात भिशीचे पैसे घालू का? आणि घरात आग-बिग तर लागणार नाही ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसरा पहिल्याहून महत्त्वाचा आहे. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत मुलांनी अशी एक पेटी उभी केली तेव्हा मी शेजारी बसून होतो. मी कॉमर्सचा माणूस. पण वॅट आणि अँपिअर यांचा हिशेब खतावणीच्या हिशेबापेक्षा फारसा वेगळा नाही, हे त्या वेळी कळले. जमेची बाजू खर्चाहून मोठी असली पाहिजे, एवढेच त्यात पाहायचे असते.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. चित्र तयार करताना लाखो बारीक बारीक गणिते एकाच वेळी करावी लागतात. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर हुशार असला तरी त्याचे हात थोडे. ग्राफिक्स कार्डाला असे हजारो हात असतात. लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप बहुधा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती बदलता येत नाही. मोठ्या संगणकात मात्र कार्डासाठी लांब खाच असते. ही खाच लॅपटॉपच्या बाहेर आणायची, तिच्यात मोठ्या संगणकाचे कार्ड बसवायचे आणि कार्डाला वेगळी वीज द्यायची, असा हा सगळा खटाटोप आहे. २०१६ साली रेझर या कंपनीने कोअर नावाची अशी तयार पेटी आणली. तिची अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलर होती, आणि कार्ड त्यात नव्हते! एवढ्या पैशांत नुसता डबा घ्यायचा म्हटल्यावर जगभरची हौशी मंडळी करवत आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन का बसली, ते सांगायला नको.

आता पहिली परीक्षा लॅपटॉपची. त्याला कार्डाकडे जाणारे दार आहे का? सर्वांत सोयीचे दार थंडरबोल्टचे. इंटेलने आणलेली ही जोडणी २०११ मध्ये प्रथम ॲपलच्या लॅपटॉपवर आली. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीत सेकंदाला ४० गिगाबिट वेग मिळू लागला आणि तोंड टाइप-सी झाले. इथेच पुष्कळांची फसगत होते. टाइप-सीचे तोंड आजकाल मोबाईललाही असते. तोंड सारखे म्हणून आतली सोय सारखी नसते. खाचेशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह आहे का ते पाहावे, आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात 'थंडरबोल्ट' हा शब्द शोधावा. यूएसबी-४ असलेल्या काही लॅपटॉपवरही कार्ड चालते. ॲपलची स्वतःची एम मालिकेतली चिप, जी २०२० पासून आली, ती असलेला मॅक घरात असेल तर हा नाद सोडावा. बाहेरचे ग्राफिक्स कार्ड ॲपल फक्त इंटेलच्या मॅकवर मान्य करते.

थंडरबोल्ट नसेल तर दुसरे दार लॅपटॉपच्या पोटात आहे. आजकालची एसएसडी ज्या एम-डॉट-टू खाचेत बसते, तीच खाच कार्डाच्या कामाची असते. त्या खाचेत एक छोटी पट्टी बसवून तिची केबल बाहेर आणतात आणि बाहेर कार्डाची पाटी जोडतात. ऑक्युलिंक नावाच्या केबलचीही अशीच पाटी मिळते. पण खाच एकच असेल तर एसएसडी कुठे ठेवणार? अशा खाचा दोन असल्या, किंवा साध्या हार्ड डिस्कची वेगळी जागा असली, तरच हा मार्ग धरावा. शिवाय लॅपटॉपचा खालचा पत्रा सतत उघडा राहतो किंवा त्याला खाच पाडावी लागते. चालू असताना ही केबल काढायची किंवा घालायची नाही, हा नियम तर पाळायचाच.

रस्त्याच्या रुंदीचेही सांगतो. मोठ्या संगणकात कार्डाला सोळा लेनचा रस्ता असतो. एम-डॉट-टूमध्ये किंवा थंडरबोल्टमध्ये फार तर चार लेन, आणि काही थंडरबोल्ट लॅपटॉपमध्ये कंपनीने दोनच लेन दिलेल्या असतात. खेळ खेळणाऱ्यांना हे जाणवते, कारण त्यात प्रत्येक क्षणी माल इकडून तिकडे जातो. ब्लेंडरमध्ये मात्र सगळा माल एकदा कार्डावर चढवला की कार्ड आपल्या जागी काम करीत बसते. म्हणून त्या भगिनीच्या मुलीच्या कामाला अरुंद रस्त्याचा फारसा तोटा नाही. एक सोय जरूर करावी. पडदा, म्हणजे मॉनिटर, थेट कार्डालाच जोडावा. तयार चित्र पुन्हा त्याच अरुंद रस्त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर आणले तर येण्या-जाण्याची कोंडी होते.

इथे माझे स्पष्ट मत नोंदवतो. थंडरबोल्टचा लॅपटॉप आधीच घरात असेल आणि मुलीला तो उचलून वर्गात न्यावा लागत असेल, तरच ही पेटी करण्यात अर्थ आहे. लॅपटॉप अजून घ्यायचा असेल, तर त्याऐवजी जुना डेस्कटॉप घ्या. त्यात सोळा लेनची खाच आयतीच असते, पाटी-केबलचा खर्च वाचतो. अर्थात तिथेही कंपनीचा छोटा एसएमपीएस असतो, त्याला जोड-वायर न लागणारे ७५ वॅटपर्यंतचे कार्डच पेलते, हे ध्यानात ठेवावे.

आता विजेकडे येऊ. आमच्या अभ्यासिकेत मुलांनी घेतलेले कार्ड होते आरटीएक्स ३०६०. हे २०२१ च्या फेब्रुवारीत बाजारात आले, त्याची स्मृती १२ जीबी आणि विजेची भूक १७० वॅट. याच नावाने पुढे ८ जीबीचेही आले, म्हणून घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा. थ्री-डीच्या कामात कार्डाची स्मृती अपुरी पडली की काम अडते किंवा फार मंदावते. आता हिशेब मांडा. कार्ड खाते १२ व्होल्टची वीज. १७० भागिले १२ म्हणजे १४ अँपिअरहून थोडे अधिक. शिवाय कार्ड मध्येच क्षणभर मोठा घास घेते, त्यासाठी शिल्लक हवी. म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यात निदान २५ अँपिअर लिहिलेला एसएमपीएस घ्यावा, असे आम्ही ठरवले.

'रकान्यात' हा शब्द मुद्दाम वापरला. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले '४५० वॅट' वाचायचे नाही, तो तक्ता वाचायचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे वेगवेगळे आकडे असतात. समजा १२ व्होल्टखाली १५ अँपिअर लिहिले असेल, तर त्या डब्याची आपल्या कामाची ताकद १२ गुणिले १५, म्हणजे १८० वॅटच. बाकीचे ताळेबंद फुगवण्यासाठी! मुलांनी भंगारातून आणलेल्या पहिल्या डब्याचा तक्ता असाच निघाला आणि तो तिथेच बाजूला ठेवला. जिथे काटकसर करू नये अशी या सगळ्या उद्योगात एकच वस्तू आहे आणि ती हीच. नामांकित कंपनीचा, वॉरंटीतला एसएमपीएस घ्यावा. तो पुढे दुसऱ्या संगणकालाही लागतो, पैसा वाया जात नाही. परदेशी हौशी लोकांत डेलचा डीए-२ नावाचा बंद ॲडॉप्टरही प्रसिद्ध आहे. १२ व्होल्ट, १८ अँपिअर, पूर्णपणे बंदिस्त. पण त्याचा हिशेब केला तर २१६ वॅट होतात, म्हणजे १७० वॅटच्या कार्डाला शिल्लक थोडीच राहते. लहान कार्डाला तो उत्तम. तोही आता जुनाच माल म्हणून मिळतो.

कार्डाला वीज दोन वाटांनी जाते. खाचेतून फार तर ७५ वॅट, आणि कार्डाच्या डोक्यावरच्या जोडातून बाकीची. सहा-पिनी जोड ७५ वॅटचा, आठ-पिनी १५० वॅटचा. ३०६० च्या बहुतेक मॉडेलांना एक आठ-पिनी जोड पुरतो. इथे तीन गोष्टींपासून दूर राहावे. एक म्हणजे हार्ड डिस्कच्या साटा वायरीवरून कार्डाची वीज काढून देणारा जोड. बाजारात तो चहाच्या किमतीत मिळतो, म्हणून मुलांना मोह होतो. साटाच्या जोडातून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, एवढेच नेता येतात. त्यातून १५० वॅट ओढले की प्लॅस्टिक वितळते. दुसरे, एसएमपीएसला प्रोसेसरसाठीही एक आठ-पिनी जोड असतो. तो चार-चार असा फुटतो, कार्डाचा सहा-दोन असा. दोन्हींचे धन-ऋण उलट असते, जोर लावून बसवला तर सरळ शॉर्टसर्किट. तिसरे, एका कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत. तोंड बसते, पण आतली जुळणी वेगळी असू शकते आणि कार्ड एका क्षणात जाते.

एसएमपीएस संगणकाशिवाय चालू कसा होतो, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्या २४-पिनी जोडात एक हिरवी वायर असते, सोळाव्या क्रमांकाची. तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या वायरी. हिरवी आणि काळी जुळली की डबा सुरू होतो. नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या येतात, म्हणून रंगावर न जाता क्रमांक मोजावा. पाहण्यापुरती कागदाची टाचणी वाकवून लावतात, पण ती तशीच ठेवून देऊ नये. पाटीवरच २४-पिनी जोडाची सोय असेल तर उत्तम, नसेल तर तिथे छोटे बटण बसवून सांध्यावर इन्सुलेशनची नळी चढवावी. हे काम एसएमपीएसची मेन पिन काढूनच करायचे.

आणि एसएमपीएसचा डबा काहीही झाले तरी उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टची आत गेल्यावर सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश वीज होते आणि ती कपॅसिटरमध्ये साठते. पिन काढल्यावरही काही काळ ती तिथे दबा धरून असते. "पंखा साफ करतो" म्हणून डबा खोलणारे तरुण मी पाहिले आहेत. ब्रश घेऊन बाहेरूनच साफ करा!

आता अर्थिंग. यावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्याकडे याची जितकी हेळसांड होते तितकी क्वचितच कशाची होत असेल. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. "एवढे चालायचेच" म्हणून आपण सोडून देतो. त्याचे कारण असे की एसएमपीएसच्या आत, वीज स्वच्छ करण्यासाठी, मेनपासून पत्र्याकडे जाणारे दोन बारीक कपॅसिटर असतात. त्यातून येणारी थोडीशी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी, अशी योजना असते. तारच नसेल तर पत्रा निम्म्या मेनच्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. विजेचा प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणूस फक्त दचकतो. पण आपल्या पेटीत हाच पत्रा कार्डाला, कार्ड केबलला आणि केबल लॅपटॉपला जोडलेली असते. तुम्ही केबल खोचता त्या क्षणी ती तरंगती वीज लॅपटॉपच्या नाजूक तोंडातून वाट काढते. माणूस दचकून सुटतो, लॅपटॉपचे पोर्ट सुटेलच असे नाही.

पुष्कळ चाळींत आणि जुन्या वसाहतींत थ्री-पिनच्या वरच्या भोकात तारच पोचलेली नसते, भोक फक्त शोभेला. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी न्यूट्रलची तारच त्या भोकात जोडून दिलेली असते. टेस्टर-दिव्याला सगळे ठीक दिसते. पण उद्या न्यूट्रल कुठे तुटली तर पेटीच्या प्रत्येक स्क्रूवर पुरी वीज येईल. म्हणून कार्ड घेण्याच्या आधी जाणत्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, शक्य असेल तर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. हा खर्च पेटीच्या हिशेबात धरू नका. तो घरातल्या फ्रिजच्या, मिक्सरच्या आणि लहान मुलांच्या खात्यावर टाका. आणि रोजच्या वापरात केबल आधी जोडायची, वीज नंतर द्यायची.

आता मामांचे काम. मामांना सांगा की कार्ड, पाटी आणि एसएमपीएस हातात आल्याशिवाय प्लायला करवत लावू नये. एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळ्या कंपन्यांच्या लांबीत चांगला फरक असतो. साधा एसएमपीएस मात्र ठरलेल्या मापाचा, १५ सेंटीमीटर रुंद आणि साडेआठ सेंटीमीटरच्या वर थोडा उंच. १२ मिलिमीटरचे प्लाय पुरते. आमच्या मुलांनी एक चांगली युक्ती केली. भंगारवाल्याकडून जुने कॅबिनेट आणून त्याच्या मागच्या पत्र्यातला कार्ड कसण्याच्या पट्ट्यांचा तुकडा कापून घेतला आणि तोच प्लायवर बसवला. त्यामुळे कार्डाचा स्क्रू जिथे हवा तिथेच आला आणि कार्डाचे वजन खाचेवर न पडता पत्र्यावर पडले. हे वजन किलोच्या घरात असते, नुसत्या खाचेवर टांगले तर पाटी वाकते. पत्र्याची कापलेली कड कानशीने घासून घ्यावी, वायरीचे आवरण तिथेच कापले जाते.

पेटीत एक नियम सक्त पाळावा. २३० व्होल्टची उघडी जोडणी आत कुठेही येता कामा नये. एसएमपीएसचे मेनचे तोंड प्लायला चौकट कापून बाहेरच्या बाजूला ठेवावे, वायर बाहेरून लागेल. आत राहते ती फक्त १२ व्होल्टची. १२ व्होल्टने शॉक बसत नाही, म्हणून तिला क्षुल्लक मात्र समजू नये. २५ अँपिअरची ताकद असलेली ही वीज सैल सांध्यात अडकली तर वायर लाल करू शकते. भगिनींनी विचारलेली आग लागलीच तर बहुधा अशा सांध्यातून लागेल. नीट चालणारे कार्ड फार तापले तर स्वतःच वेग कमी करते किंवा बंद पडते. सैल सांध्याला तेवढी अक्कल नसते. म्हणून वायरी प्लायला चिकटवून नेऊ नका, जोड 'कट्' असा आवाज येईपर्यंत बसवा, आणि पहिल्या आठवड्यात तासभर काम झाल्यावर वीज बंद करून जोडांना हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका नको.

हवेचे एवढेच की कार्डाच्या पंख्यांसमोर चार-पाच सेंटीमीटर मोकळी जागा आणि तिथे जाळी, गरम हवेला वर वाट, खाली रबरी पाय. एसएमपीएसच्या पंख्याचे तोंड प्लायला टेकवू नये. पेटीवर टॉवेल, वह्या, देव्हाऱ्यातला दिवा, काहीही ठेवू नये. सनमायका लावायचा तर मामांची हौस!

एम-डॉट-टूच्या मार्गाने जाणाऱ्यांनी सुरू करताना आधी एसएमपीएस, मग लॅपटॉप, आणि बंद करताना उलटा क्रम ठेवावा. विंडोजने कार्ड ओळखले पण 'कोड १२' दाखवला तर कार्ड खराब आहे असे समजून दुकानदाराशी भांडू नका. लॅपटॉपकडे त्या कार्डासाठी राखायला पत्त्यांची जागा उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही लॅपटॉपमध्ये आतली दुसरी ग्राफिक्स चिप बंद केल्यावर मार्ग निघतो, काहींत निघतच नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या लॅपटॉपवर कुणी हे केले आहे का, ते पैसे देण्यापूर्वी शोधावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने कार्ड घेणार असाल तर दुकानातच अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून दाखवायला सांगा. नुसता पडदा उजळला म्हणजे कार्ड चांगले असे नाही. नवे ड्रायव्हर कंपनी अजून देते का, हेही विचारा.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण कार्ड मधूनच नाहीसे होते आणि काम गोठते. ब्लेंडरमध्ये चित्रफीत एकसंध न काढता एकेक चित्र वेगळे साठवण्याची सोय आहे, ती वापरावी. म्हणजे झालेले काम जात नाही. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, मोठा आकडा पाहून भुलू नये. आणि बिलाचे म्हणाल तर १७० वॅटचे कार्ड पाच तास पुऱ्या ताणावर चालले, एसएमपीएसमधली तूट धरली, तर सुमारे एक युनिट. लॅपटॉप आणि मॉनिटरचा वेगळा. पण तोच लॅपटॉप एकटा रात्रभर जळत होता, तेही बिल कुणीतरी भरतच होते.

ज्यांना आपल्या लॅपटॉपला थंडरबोल्ट आहे की नाही हे ओळखता येत नसेल, त्यांनी लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक आणि एसएमपीएसवरच्या तक्त्यातले १२ व्होल्टचे अँपिअर, एवढे दोन आकडे पत्रात लिहावेत. नुसते "चांगल्या कंपनीचा आहे" असे कळवल्यास उत्तर देणे कठीण जाते.